भेगेतला चुना

मंगळवारी सकाळी शाळेत फोन आला. हेडमास्तरांनी तो घेतला, ऐकला आणि ठेवला. मग ते माझ्या वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "सुखदेव गेला." मी फळ्यावरचं वाक्य संपवलं आणि खुर्चीत बसलो.

त्याला आज एकवीस दिवस झाले. वाचनालयाच्या वार्षिक अंकात तुझ्यावर दोन लेख येणार आहेत. पहिला लिहून झाला आहे, दुसरा मी लिहायचा आहे. त्यात तुझी जन्मतारीख आहे, डिप्लोमा आहे, बांधकाम खात्यातली नोकरी, बदल्या, बढती, सगळं आहे. मी तपासला, चूक कुठे सापडली नाही. मनोऱ्याबद्दल त्यात एक ओळ आहे : "गावातील जुन्या मनोऱ्याची त्यांनी पाहणी केली होती." त्या ओळीपाशी मी थांबलो. तिथून पुढचं मला माहीत आहे आणि ते मी तुलाच सांगायला हवं होतं. आता तुला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितो आहे.

मनोरा कसा आहे हे तुला सांगायला नको. पण हे इतरही वाचतील. सेलूकडून येताना गावाच्या आधी तो दिसतो. भोसल्यांच्या काळात टेहळणीसाठी बांधलेला, चार मजल्यांचा. खाली दगड, वर वीट, आणि सगळं चुन्यात. तळाची भिंत चार हात जाड. त्या तळाच्या खोलीत स्वातंत्र्याच्या आधीपासून आपलं वाचनालय होतं. मे महिन्यात बाहेर डांबर वितळायचं आणि आत मात्र गार असायचं. निम्मे लोक वर्तमानपत्रासाठी येत आणि निम्मे त्या गारव्यासाठी. वर्तमानपत्र चेहऱ्यावर घेऊन झोपलेल्यांना उठवणं हे चिटणिसाच्या कामातलं एक काम होतं, आणि मी चिटणीस होतो.

आपण सहावी-सातवीत होतो तेव्हा तू आत येत नसायचास. "येत नसायचास" असंच मी इतकी वर्षं म्हणत आलो. खरं म्हणजे तुला येऊ देत नसत. तसं कुठे लिहून लावलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मी माझ्या नावावर पुस्तक घ्यायचो आणि बाहेर आणून तुला द्यायचो. तू पायरीवर बसून वाचायचास, मी आत बसून. वाचून झालं की अदलाबदल. आपण काही मोठं करतो आहोत असं तेव्हा मला वाटायचं. सुखदेवला आत येऊ द्या, असं मात्र मी कोणाला एकदाही म्हटलं नाही.

नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर तुझ्या वडिलांनी घरातले देव बोर नदीत सोडले. तुला बोलावून ते म्हणाले, "आता पायरीवर नाई बसाचं." हे तू मला त्याच दिवशी सांगितलंस आणि नंतर आयुष्यभर अधूनमधून सांगत राहिलास, दरवेळी हसत. तू नागपूरला शिकायला गेलास. परत आलास तो ओव्हरसिअर होऊन. आल्याच्या आठवड्यात तू वाचनालयात आलास, वर्गणी भरलीस, पावती घेतलीस आणि पुस्तक न घेता भिंतीला तळहात लावून उभा राहिलास. मी विचारलं, काय पाहतोस? म्हणालास, "थंड हाय." मग खिशातून पेन्सिल काढून तिच्या मागच्या टोकानं तू भिंत दोन-तीन ठिकाणी ठोकून ऐकलीस. मला ते गमतीचं वाटलं. लोक देवळात गेल्यावर घंटा वाजवतात तसं.

भूकंपाचा तो धक्का बसला ती कार्तिकातली दुपार होती. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी पुस्तकांवर शिक्के मारत होतो. आधी वाटलं खाणीत सुरुंग उडाला. मग कपाटाच्या काचा वाजल्या आणि वरून थोडी माती पडली. एवढंच. गावात दोन घरांच्या छपरांची कवेलू घसरली, कोणाला काही झालं नाही, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे विनोद सुरू झाले. दुसऱ्या दिवशी तू आलास आणि मनोऱ्याभोवती तीन चकरा मारल्यास. चौथ्या चकरेला तू मला हाक मारलीस आणि दाराच्या कमानीवर बोट दाखवलंस. कमानीच्या डोक्यापासून निघालेली भेग तिरकी वर जाऊन दगड आणि वीट मिळतात त्याच्याही वर विटांत शिरली होती.

मी म्हणालो, ही जुनीच आहे. मी वीस वर्षं या दारातून जातो.

तू शिडी मागवलीस. आपल्या गावचा रिवाज आहे की पोळ्याच्या आधी मनोऱ्याला चुना लागतो. घरटी एक घमेलं चुना, आणि पोळ्याला बैल त्या पांढऱ्या मनोऱ्याभोवती फिरवायचे. तू मला समजावून सांगितलंस की चुना पातळ असतो, तो थोडाथोडा भेगेत शिरतो. म्हणून भेगेत सुरी घालून खरवडायचं. पांढरं निघालं तर भेग मागच्या पोळ्याच्या आधीची. नुसती विटेची लाल भुकटी निघाली तर नंतरची. तू शिडीवर चढलास, खरवडलंस, आणि हात पसरून मला दाखवलास. लाल होतं.

मी तरीही म्हणालो की चुना आतपर्यंत पोचला नसेल. मी ती भेग पाहिली आहे, मला आठवते. तेव्हा तू शिडीवरूनच म्हणालास :

"तू वीस वर्सं इथं बसला, मास्तर, पण पाह्यत होता पुस्तकात. मी पायरीवर बसत होतो. मी ही भीत पाह्यत होतो."

तू खाली उतरलास आणि हात झटकत म्हणालास की हे लिहिता मात्र येणार नाही. "आठवण म्हंजे माप नाई. तुही बी नाई अन् माही बी नाई." त्यानंतर तू चहा मागितलास.

भेग नवी आहे एवढ्यानं मनोरा पडत नाही, हेही तूच सांगितलंस. ती वाढते का, हा खरा प्रश्न. अशी जाड भिंत एकसंध नसते. बाहेरून एक भिंत, आतून एक भिंत आणि मधे चुन्यात कालवलेले दगडगोटे. धक्क्यानं मधला भर सुटतो आणि हळूहळू खाली बसत बाहेरच्या भिंतीला रेटतो. "तुह्या पुस्तकाची शिवण सुटते, पुठ्ठे तसेच राह्यते. दिसाले पुस्तक चांगलं. हातात घेतलं का पानं खाली." पुस्तकाचं उदाहरण तू माझ्यासाठी काढलंस हे मला कळलं.

आणि मग ती काळी माती. आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, तिच्यावरची प्रत्येक जुनी इमारत वर्षभर थोडी हलत असते. मनोरा उन्हाळ्यात एका बाजूला कलतो आणि पावसाळ्यात परत येतो. म्हणून एका महिन्याच्या मापाला अर्थ नाही. वर्ष पुरं व्हायला हवं. एक कार्तिक ते दुसरा कार्तिक. मनोरा जिथून निघाला तिथेच परत आला तर भिऊ नये. परत येताना कमी पडला तर ते धक्क्याचं काम. लोकांना "हो का नाही" हवं होतं आणि तू त्यांना म्हणत होतास, पुढच्या दिवाळीला सांगतो.

तू वाचनालय हलवलंस. एक वर्षासाठी, असं ठरलं होतं. कपाटं शाळेच्या व्हरांड्यात आली. भेगेवर तू सात ठिकाणी काचेच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना चिकटवल्यास आणि प्रत्येकीवर तारीख लिहिलीस. भेग केसभर हलली तरी काच तडकते. जिन्याच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडलास आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून त्याचा लंबक तेलाच्या डब्यात बुडवून ठेवलास. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तू यायचास. तू माप वाचायचास आणि मी वहीत लिहायचो, माझं अक्षर चांगलं म्हणून. तू सुतात मोजायचास, गवंड्यांसारखं, इंचाचे आठ सूत. मार्गशीर्षात अर्धा सूत. फाल्गुनात एक. जेठाच्या शेवटी मनोरा अडीच सूत कलला होता आणि दोन काचा तडकल्या होत्या. तू म्हणालास, आता पाऊस पडू दे, खरी परीक्षा परतीची.

त्या रविवारांबद्दल मी तुझा ऋणी आहे. चाळिशीत माणसाला नवीन काही शिकवणारा मित्र मिळत नाही. तेलातला ओळंबा स्थिर व्हायला पाव तास लागायचा. तो पाव तास आपण जिन्यात बसायचो, बोलायचो, आणि बोलणं संपलं तरी बसून राहायचो. वाचनालयाच्या त्या खोलीत आपण दोघं एकत्र इतका वेळ कधीच बसलो नव्हतो.

पण व्हरांड्यात वाचनालय मरत चाललं होतं. म्हातारे शाळेपर्यंत येत नसत. पावसाच्या झडीनं पुस्तकं फुगली. एका कपाटाला वाळवी लागली. अध्यक्ष नानाजी रोज विचारत, तुमचा मित्र कधी सोडतो आमचा मनोरा? आणि मला स्वतःला ती खोली हवी होती. हे मी समितीत कधी बोललो नाही. तिथल्या टेबलाशी बसल्याशिवाय दिवस संपला असं मला वाटायचं नाही.

श्रावणात पत्र आलं की पोळ्याच्या आधी तुझ्या खात्याचे मोठे साहेब मनोरा पाहायला येणार. तू त्या वर्षी चुना लावू नका म्हणून गावाला विनंती केली होतीस. गाव कुरकुरलं, पण कबूल झालं. मग पुरानं रस्ता वाहून गेला म्हणून तुला पंधरा दिवस जाम गावाला पाठवलं. जाताना तू वही माझ्याकडे दिलीस.

तू गेल्यावर नानाजींनी विषय काढला. साहेबांना काळाकुट्ट मनोरा दाखवायचा का? रिवाज का मोडायचा? चुन्याचा एक हात देऊ. एक हात म्हणजे वरवरचा. समितीनं तेवढंच ठरवलं आणि गावाला तेवढंच माहीत आहे. पुढचं मी केलं. किसन गवंडी दोरीच्या झोक्यावर बसून चुना मारत होता. मी खाली उभा राहून त्याला म्हणालो की भेग नीट भरून घे. पातळ नको, घट्ट कालव, आणि थापीनं आत दाब. किसननं विचारलं, "अन् काचा?" मी म्हणालो, काढ.

त्यानं त्या काळजीनं काढल्या. एक फुटू दिली नाही. ज्या दोन तडकलेल्या होत्या त्याही जोडून ठेवल्या. सातही धुतल्या, पुसल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि माझ्या हातात देत म्हणाला, "सुखदेव सायबाच्या हायेत, मास्तर, जपून ठेवजा." धुताना तारखा निघून गेल्या होत्या.

तुला फसवायचं माझ्या मनात नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. मला वाटत होतं की भेग जुनी आहे, तू उगाच भितो आहेस, आणि साहेबांनी मनोरा चांगला पाहिला तर तुझीही सुटका होईल. पण मी तुझ्या परतण्याची वाट पाहिली नाही. एवढं एकच लक्षात घेतलं तरी पुरे आहे.

तू जामहून आलास तो सरळ मनोऱ्यावर गेलास. तिथून माझ्या घरी आलास. मी पुडी टेबलावर ठेवली. तू ती उघडलीस, एकेक काच उजेडात धरलीस आणि परत गुंडाळलीस.

"काऊन केलं?"

मी चहा ठेवायला उठलो. तू थांबलास. मग तू चहा प्यायलास, कप विसळून ठेवलास, आपल्या घरी ठेवायचास तसाच, आणि "जातो मी" म्हणून निघालास. वही मी दिली, तू घेतलीस. पोळ्याला आठ दिवस होते. तुझी परतीची मापं याच दोन महिन्यांत यायची होती. भेगेत घट्ट चुना बसला की परत येणारी भिंत त्यावर अडते, म्हणून ओळंब्याच्या मापालाही आता अर्थ उरला नव्हता.

साहेब आले. पांढरा मनोरा पाहून खूश झाले. तुला म्हणाले, चांगला तर आहे, लिहून द्या सुरक्षित म्हणून. नानाजींनी हार आणला होता. तू म्हणालास की मला लिहिता येणार नाही. का, म्हणून विचारल्यावर तू जे लिहिलंस ते मी नंतर वाचलं. "निरीक्षणात खंड पडल्यामुळे मनोरा सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही." खंड का पडला, कोणामुळे पडला, याबद्दल एक अक्षर नाही. तुझ्या लेखी नकारावर "सुरक्षित" लिहायला साहेबही तयार झाले नाहीत. खोलीला कुलूप लागलं, आणि पुढचा आदेश होईपर्यंत भिंतीला हात लावू नये, चुनासुद्धा नाही, असं बजावलं गेलं. भेग मोकळी करून पुन्हा वर्षभर मापं घ्यायची परवानगी तू मागितलीस. उत्तराऐवजी बदली आली.

तुझ्याबद्दल गावात काय बोललं गेलं ते तुझ्या कानावर आलं होतं, मला माहीत आहे. पोळ्याला बैल काळ्या पडत चाललेल्या मनोऱ्याभोवती फिरले की कोणीतरी म्हणायचंच. पानठेल्यावर मी स्वतः ऐकलं आहे : "लहानपणी पायरीवर बसवलं ना त्याले. त्यानं सारं गावच पायरीवर आणून बसवलं." लोक हसले. मीही तिथे उभा होतो. मी पान घेतलं आणि घरी आलो. तू आकसानं कुलूप लावलंस असं हळूहळू गावानं धरून टाकलं. हे खोटं आहे हे सांगू शकणारा गावात एकच माणूस होता. किसनही त्याच्या पुढच्या वर्षी वारला.

तू मात्र येत राहिलास. महिन्याचा पहिला रविवार तू सोडला नाहीस. वर्ध्याहून येणाऱ्या बसनं उतरायचास, व्हरांड्यातून पुस्तक बदलायचास, माझ्याकडे जेवायचास. आपण पावसावर बोललो, मुलींच्या लग्नांवर, तुझ्या पिपरी मेघेच्या प्लॉटवर. मनोऱ्याचा विषय तू काढला नाहीस, मीही काढला नाही. दहा वर्षं. कधी कधी जेवताना तू मधेच थांबून माझ्याकडे पाहायचास आणि मी तुला भाजी वाढायचो.

शेवटचा भेटलो तो पिपरी मेघेच्या तुझ्या नव्या घरी. तू पलंगावर होतास आणि पोट सुजलं होतं. सांगायचं ठरवूनच मी आलो होतो. बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. पण तू मला घराचा पाया कसा घेतला ते सांगत बसलास. शेजारच्यांनी तीन फुटांवर थांबवला. तू काळी माती पार करून मुरूम लागेपर्यंत खणायला लावलंस, गवंडी वैतागला. बोलताना तुला धाप लागत होती. एवढ्या धापेतही तू त्या गवंड्याची नक्कल केलीस. वहिनी हसल्या, मी हसलो. मग तू डोळे मिटलेस. मला वाटलं तुला विश्रांती द्यावी. हे कारण मला फार सोयीचं होतं. मी उठलो तेव्हा तू म्हणालास, "येजो, मास्तर." मी "येतो" म्हणालो. नंतरच्या रविवारी परीक्षेचे पेपर होते.

तू गेल्यावर आठव्या दिवशी वाचनालयाच्या समितीची बैठक भरली. तुझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहिलो. मग नानाजी बोलले. ते आता थकले आहेत आणि त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे तुला सांगायला हवं. ते म्हणाले की सुखदेव भला माणूस, पण एका गोष्टीला अडून बसला. झालं गेलं. आता मनोरा उघडू, वाचनालय परत नेऊ आणि आत पहिला फोटो त्याचाच लावू. नवे तरुण इंजिनीयर मागच्या महिन्यात पाहून गेले होते. त्यांनीही तुझ्यासारखीच भेगेत सुरी घातली. वीतभर आतपर्यंत चुनाच निघाला. धक्क्यानंतर वरवरचा एकच हात लागला होता असं गावानं त्यांना सांगितलं होतं. एका हातानं चुना एवढा आत जात नाही, त्याला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की भेग फार जुनी आहे, धक्क्याशी तिचा संबंध नाही. त्यांना मिळालेल्या माहितीवरून निष्कर्ष बरोबर होता. तू त्यांच्या जागी असतास तर तूही हाच काढला असतास. तुझी मापं कचेरीत सापडली नाहीत म्हणे. कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे मनातलंच काढलं होतं त्यानं."

मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गोष्टींचा तास ठेवायचा, असंही ठरत होतं. तीस-चाळीस मुलं. त्या कमानीखालून.

मी उभा राहिलो. मी बैठकांत क्वचितच उभा राहतो, त्यामुळे सगळे गप्प झाले.

"तो चुना जुना नाही," मी म्हणालो. "तो मी भरायला लावला. थापीनं, आतपर्यंत. काचाही मीच काढायला सांगितल्या. सुखदेवनं कोणावर राग काढला नाही. त्याची मापं मी मोडली."

नानाजींना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, त्यानं सांगितलं. मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, तुमी? अन् आता सांगून राह्यले?" कोणी ओरडलं नाही. पानठेल्यावर तेव्हा हसलेल्यांपैकी दोघं तिथे होते. एक खिडकीबाहेर पाहत होता. दुसरा उठून निघून गेला. चिटणीसपदाचा राजीनामा मी लिहूनच नेला होता, तो टेबलावर ठेवला. मनोरा उघडण्याचा ठराव मागे घेतला गेला. नव्या इंजिनीयरना मी दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. कागद घेऊन लिहीत गेले आणि शेवटी म्हणाले, तर मग वर्षभर मापं घ्यावी लागतील. तुझंच वाक्य होतं.

तिथून मी पिपरी मेघेला गेलो. वहिनींना सांगायचं बाकी होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, काचांपर्यंत. त्यांनी हात थांबवला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या :

"मले माहीत होतं, भाऊजी. त्याईनं मले तवाच सांगतलं होतं."

मी विचारलं, मग तो गावाला का नाही बोलला? लोक त्याला काय काय म्हणत होते.

"मीबी म्हनत होती. सांगून टाका, कायले ऐकून घेता. तं म्हनत, मी नाई सांगनार. मास्तर सांगन. लहानपणापासून उशिराच बोलते तो, पन सांगन." त्यांनी सूप झटकलं. "दर रविवारी तुमच्याकडून आले का मी इचारत होती. सांगतलं का? तं म्हनत, नाई. पुढच्या रविवारी सांगन."

त्यांनी आतून तुझी वही आणून दिली. पानं माझ्याच अक्षरात आहेत. जेठाच्या अडीच सुतांनंतर आषाढाचं एक माप आहे, श्रावणाचं एक, आणि पुढे कोरं. आषाढात मनोरा अर्धा सूत परत आला होता. श्रावणात आणखी अर्धा. दीड सूत यायचा होता. तो आला की नाही, ते त्या चुन्याखाली राहिलं. मी ती वही इंजिनीयरना दिली. पावती घेतली.

आपला वाद तसाच राहिला, सुखदेव. भेग पहिल्यापासून होती असं मला अजूनही कधी कधी वाटतं, इतकी स्पष्ट मी ती पाहतो. मग तू शिडीवरून पसरलेला हात आठवतो, आणि तो लाल असतो. तू मला दहा वर्षं दिलीस. क्षमा केलीस असं मी म्हणणार नाही, तू तसं कधी बोलला नाहीस. तू वाट पाहिलीस. मी सांगितलं, पण तुझ्यामागे, आठ दिवस उशिरा.

परवा तीन माणसं परांची बांधून भेगेतला चुना काढत होती. मी शाळा सुटल्यावर खाली जाऊन उभा राहिलो. चुना कडक झाला आहे, छिन्नीशिवाय निघत नाही. काल नव्या काचा लागल्या. मनोरा उभा आहे. खोली बंद आहे. भेग वाढते आहे की थांबली, हे अजून कोणाला माहीत नाही.